बाटलीवरची लाल रेघ

९ जानेवारी

दादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. तीस वर्षं हॉटेलच्या बँडशेजारी उभा राहून कान घालवलेस, त्याचा मला असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

ह्यांचं पिणं तुला माहीत आहे. 'थोडं वाढलंय' असं मी दर वेळी म्हणत आले, ते खोटं होतं. गेल्या महिन्यात हे छापखान्याच्या जिन्यावरून पडले. तपासण्या झाल्या. असंच चाललं तर लिव्हर दोन वर्षं काढेल, असं डॉक्टर म्हणाले. एकदम बंद केली तर झटके येतात, म्हणून दवाखान्यात राहून सोडा, नाहीतर घरी रोज थोडी थोडी कमी करा. दवाखान्याचं नाव काढलं की हे चपला घालून बाहेर जातात, आणि बाहेर म्हणजे कुठे ते सांगायला नको.

शेवटी आमचा तह झाला. बाहेर प्यायची नाही. घरी, संध्याकाळी सातनंतर, तीन ग्लास, माझ्या हातचे. बाटली हे आणणार, पण ती माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला. मला वाटलं जिंकले. पण नवरा पडला मुद्रितशोधक. जन्मभर लोकांच्या चुका पकडण्यात गेला. आता रोज सकाळी बाटलीच्या लेबलवर लाल पेन्सिलीने रेघ मारतात. संध्याकाळी दारू त्या रेघेपर्यंत उतरलीच पाहिजे, म्हणजे मी हात आखडता घेतला की लगेच कळेल.

पाणी वाढवून पाहिलं. पहिल्या घोटाला म्हणाले, 'विहीर जवळ आहे वाटतं.' म्हणून तुझ्याकडे आले. दारू कमी असून जिभेला पुरेशी वाटेल असा ग्लास तुला येत असेल ना? ह्यांना सांगितलंय की मला कॉकटेलची हौस आली आहे, घरात बसल्या बसल्या शिकणार आहे. बावन्नाव्या वर्षी. हसले, पण हो म्हणाले.

माझ्या लग्नात बाबांनी सासरी सांगितलं होतं की थोरला हॉटेलात व्यवस्थापक आहे, बारमागे उभा राहून ग्लास भरतो हे लपवलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी साडीच्या निऱ्यांकडे. आज त्याच कामासाठी तुझ्या दारात उभी आहे. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला ते काम शिकव.

पत्र माझ्या कामाच्या ठिकाणी, ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठव. घरी आलं तर हे आधी लाल पेन्सिल घेऊन बसतील.

तुझी मुंगी


१५ जानेवारी

मुंगे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. जावईबापूंचं वाचून वाईट वाटलं, आणि दुसऱ्या बाजूने, खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. आपल्या घरात मला आजवर कुणी विचारलं नव्हतं की तू नेमकं करतोस काय.

आता लक्ष देऊन वाच. पिणारा माणूस आधी कानाने पितो, मग नाकाने, मग जिभेने. घशाखाली काय उतरलं ते त्याला सगळ्यात शेवटी कळतं. तेव्हा ग्लास जड बुडाचा घे. बर्फाचा एकच मोठा खडा, तो काचेवर वाजला पाहिजे. देण्याआधी ग्लासाच्या कडेवरून व्हिस्कीत बुडवलेलं बोट फिरव, नाक तिथेच फसतं. आणि शेवटची चमचाभर व्हिस्की ढवळायची नाही, वर अलगद सोडायची. पहिला घोट कडक लागला की पुढचे घोट कुणी तपासत नाही.

सुरुवात ओल्ड फॅशन्डने कर. साखरेचा खडा, त्यावर बिटर्सचे, म्हणजे कडू अर्काचे, चार थेंब, चमचाभर पाणी, चेचायचं, मग साठ मिली व्हिस्की, बर्फ, संत्र्याची साल पिळून. ही झाली खरी कृती. आपण साठच्या जागी पंचावन्न घालू आणि पाच मिली काळा चहा, गार आणि इतका कडक की जीभ आखडली पाहिजे. रंग तोच, तुरटपणा तोच. दर दहा दिवसांनी पाच मिली खाली. घाई करायची नाही. बारा पायऱ्या आहेत, उन्हाळा संपेपर्यंत तळाला पोचू.

दोन नियम मोडू नकोस. पहिला, चाखल्याशिवाय ग्लास द्यायचा नाही. ग्लासात स्ट्रॉ बुडवायची, वरचं टोक बोटाने दाबायचं आणि आत अडकलेला थेंब जिभेवर सोडायचा. मी जन्मभर असंच चाखलं आणि एक पूर्ण ग्लास कधी प्यायलो नाही. थेंबाने कुणी बुडत नाही. दुसरा नियम, ग्लासातून जेवढी वगळशील तेवढी रोज बाटलीतून काढून सिंकमध्ये ओत. रेघ चुकता कामा नये.

तुझा दादा


२ फेब्रुवारी

दादा,

आम्ही पन्नासवर आलो.

पहिल्या संध्याकाळी गडबडीत सालीबरोबर बोट पिळलं. ह्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला, हलवला, बर्फ वाजवला, प्यायले आणि म्हणाले, 'बरंय.' छापखान्यात ह्यांचं 'बरंय' मिळवायला लोक वर्षभर खपतात.

चाखायचं मात्र माझ्याने होईना. पहिला थेंब जिभेवर सोडला आणि धावत जाऊन चूळ भरली. खोकल्याच्या औषधात कुणी काडी विझवली असावी तसं लागलं. हे लोक पैसे देऊन पितात? पण तू म्हणतोस म्हणून रोज तीन थेंब औषधासारखे घेते. हल्ली चहा जास्त झाला की कळतं.

एक अडचण आली. सिंकला वास येतो. वरून गरम पाणी सोडलं, लिंबाची सालं घासली, तरी सकाळी येतोच. परवा हे हात धुता धुता म्हणाले, 'आपलं सिंकही घ्यायला लागलं वाटतं.' मी हसले. रात्रीचं जेवले नाही. बाथरूममध्ये ओतावं तर तिथे खिडकी नाही. खाली जाऊन ओतावं तर सात वाजता हे दारातच खुर्ची टाकून बसलेले असतात. काय करू सांग. सापडले तर तह मोडेल, आणि तह मोडला तर हे पुन्हा त्या गुत्त्यावर जाऊन बसतील. मग दोन वर्षंही नाहीत.

मुंगी


८ फेब्रुवारी

मुंगे,

सिंक नको असेल तर जुन्या बरणीत साठव आणि ग्रंथालयात जाताना घेऊन जा. वाटेत कुठेही ओत. तुला सुचेल तसं कर, पण रेघेपर्यंत ने. एवढं जमलंय तर आता एका वासापायी फिसकटायला नको.

आता ग्लास बदल, जिभेला सवय झाली की ती शोध घ्यायला लागते. व्हिस्की सावर दे. खऱ्या कृतीत व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक आणि अंड्याचं पांढरं घालून दणकून हलवतात. तू त्यात आल्याचा रस अर्धा चमचा घाल. दारू घशात जाळत जाते, आलंही जाळतं, आणि बिचाऱ्या घशाला दोघांतला फरक सांगता येत नाही. वर मिरपूड, चिमटीच्या टोकाएवढी.

शेकर नसेल तर झाकण घट्ट बसणारी काचेची बरणी चालेल. कपड्याने धर, नाहीतर गारठ्याने हाताला चिकटेल.

दादा


११ मार्च

दादा,

उत्तराला उशीर झाला. पस्तीसवर आहोत.

कुठे ओततेस म्हणून मनात काळजी असेल तुझ्या. त्याची सोय झाली आहे. सिंकला वास येत नाही, रेघ चुकत नाही. बरणी नेऊन पाहिली दोन दिवस, पिशवीत सांडली. शिवाय इतकी चांगली वस्तू गटारात ओतताना जिवावर येतं. आपल्याला आईने ताटातलं शीतही टाकू दिलं नाही. असो.

तुझा सावर ह्यांना आवडला. मला विचारशील तर आलं थोडं उद्धट आहे, व्हिस्कीला बोलू देत नाही. मी आल्याच्या जागी दालचिनी जाळून पाहिली. काडी गॅसवर धरायची, धूर निघाला की त्यावर ग्लास पालथा घालायचा, मिनिटभर. मग आत करपवलेल्या साखरेचा पाक, लिंबू, चहा आणि तीस-पस्तीस काय असेल ती व्हिस्की. मागाहून एक खारट कण. धूर नाकात, कडूपणा जिभेच्या मागे, आणि गोडी सगळ्यात शेवटी, पाहुणे गेल्यावर घरातली माणसं बोलायला लागतात तशी. मी त्याला 'मुंगी' म्हणते.

खरं सांगू का, पूर्वी सात वाजायला आले की मी खिडकीतून रस्ता बघत राहायचे. आज कसे येतील, कोण आणून सोडेल. आता सातची वाट बघते. ट्रे मांडायचा, बर्फ फोडायचा, साल सोलायची. हे दारात, मी ओट्याशी, मधे कुणी नाही. खूप वर्षांनी घरात शांत वाटतं.

मुंगी


१७ मार्च

मुंगे,

तुझी 'मुंगी' मी काल करून पाहिली, थेंबभर चाखली आणि खुर्चीत बसून राहिलो. माझ्या हाताखाली चाळीस जण शिकून गेले. त्यातल्या दोघांना चव होती, बाकीचे नुसते ओतणारे. आपल्या घरातली जीभ तुझ्याकडे आहे गं, आणि ती इतकी वर्षं पुस्तकांना क्रमांक चिकटवत बसली.

जळलेल्या दालचिनीनंतर खारट कण, हे शिकवून येत नाही. आणखी पाठव. संत्र्याऐवजी मोसंबीची साल घेऊन बघ, आणि चहात एक लवंग भिजव. चाखत जा, चाखल्यानेच हात बसतो.

बाबा असते तर हे पत्र त्यांना वाचून दाखवलं असतं. दारूवाला म्हणायचे मला. त्यांच्या जावयाला दारूवाल्यानेच वाचवलं, असं म्हणायचा दिवस आता लांब नाही.

दादा


३० एप्रिल

दादा

दहावर आलो. म्हणजे एका ग्लासात व्हिस्की फक्त दोन छोटे चमचे. बाकी सगळा चहा आणि करामत. ह्यांचं पोट उतरलं, डोळ्यांतला पिवळेपणा गेला, डॉक्टरांनी पाठ थोपटली. सकाळी फिरायला जातात. दुधाची तहान ताकावर भागवतायत आणि पत्ता नाही. तिसऱ्या ग्लासाला अजूनही झुलतात, जुनी गाणी म्हणतात. मला कधी कधी हसू येतं आणि कधी फार रडू येतं, विनाकारण.

एक विचारायचं होतं. तोंडाचा वास कशाने जातो? वेलदोडा खाऊन पाहिला, त्याने उलट लक्ष जातं. ह्यांना सकाळी छापखान्यात जायचं असतं ना, म्हणून. तुमच्या धंद्यात काहीतरी युक्ती असेलच.

अक्षराला हसू नकोस, पेन नीट चालत नाही.

ह्यांचं पोट उतरलं हे लिहिलं का? डॉक्टर खूश आहेत.

मुंगी


६ मे

मुंगे,

कॉफीचे दाणे. भाजलेले, दोनच, सावकाश चावायचे, मग गार पाण्याची चूळ. आमच्याकडे सगळे वाढपी खिशात ठेवायचे.

किती आनंद झाला सांगता येत नाही. आता शेवटचे दोन चमचे. त्यातला एक वर सोडायला ठेव आणि एक कडेवर फिरवायला. मग नुसती कड. मग तीही नाही. सगळ्यात अवघड पायरी तू ओलांडलीस. शेजाऱ्यांना मी माझ्या बहिणीबद्दल सांगितलं, नावगाव न सांगता. म्हातारा हल्ली फार हसतो म्हणतात.

दादा


३ जून

दादा

आज तिन्ही ग्लासांत थेंब नाही. नुसता चहा, धूर आणि साल. हे प्यायले आणि बरंय म्हणाले.

मला वाटलं होतं खूप आनंद होईल. बाटली मात्र रोज रेघेपर्यंत उतरते. सगळी उतरते.

सकाळी लिहिते आहे म्हणून अक्षर असं. संध्याकाळी लिहिलं की चांगलं येतं.


९ जून

मुंगे,

जिंकलीस. आता नाटक पुरे. त्यांना समोर बसवून सांग की गेले काही दिवस तुम्ही चहा पिताय, आणि उद्यापासून बाटली आणू नका. हसतील आणि तुझ्या पाया पडतील. मग दोघं मिळून इकडे या. मी तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येतो आणि घरी लिंबू सरबत देतो, साधं, कसलीही युक्ती नसलेलं.

दादा


१ जुलै

मुंगे,

उत्तर नाही. तीन आठवडे झाले.

काल जुनी पत्रं काढून बसलो. एप्रिलचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दोन चमचे व्हिस्कीचा वास सकाळपर्यंत राहत नाही. तीस वर्षं ह्या धंद्यात काढली, काउंटरपलीकडच्या माणसाने किती घेतली हे त्याच्या खुर्ची ओढण्यावरून सांगायचो, आणि तुला मी कॉफीचे दाणे सुचवले. ते दाणे कुणासाठी होते?

रोज साठ-साठचे तीन. त्यांच्या ग्लासात शून्य. बाटली रेघेवर. सिंकला वास नाही. मुंगे, ती जाते कुठे?

मी रागावणार नाही. एक ओळ लिही.

दादा


२२ जुलै

दादांस,

हे पत्र तिचं नाही, माझं आहे. तुमची पत्रं ग्रंथालयातल्या तिच्या खणात मिळाली. सगळी वाचली. परवानगी घ्यायला हवी होती, पण विचारण्यासारखी तिची अवस्था नव्हती.

क्रमाने लिहितो, म्हणजे माझा तोल राहील.

मला जानेवारीतच कळलं होतं. ओळीतला एक शब्द गळला तर मला दिसतो, ग्लासातली दारू गळली तर दिसणार नाही का? चहा पहिल्याच आठवड्यात ओळखला. सिंकचा वास आला तेव्हा गंमत म्हणून बोलून गेलो. तिचा चेहरा पांढरा पडला, म्हणून पुन्हा विषय काढला नाही. त्यानंतर वास थांबला. मला वाटलं, तिने ओतायला दुसरी जागा शोधली. मी ती जागा विचारली नाही.

तुम्ही विचाराल, कळलं होतं तर बोललो का नाही. ती रोज सात वाजता ट्रे घेऊन यायची आणि मी घोट घेईपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहायची. मी 'बरंय' म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. पंचवीस वर्षांत मी तिला उजळायला काही दिलं नव्हतं. मी बोललो असतो तर ते गेलं असतं. म्हणून चहा पिऊन झुललो, गाणी म्हटली. आणि रेघ मारत राहिलो, कारण रेघ थांबवली असती तर मला कळलंय हे तिला कळलं असतं.

दादा, माझ्या हाताने ओढलेल्या रेघेपर्यंत ती रोज प्यायली. मला फसवण्यासाठी तिने काही करायची गरजच नव्हती.

जूनच्या शेवटी माझे सगळे रिपोर्ट चांगले आले. मला वाटलं, आता तिला सुखद धक्का द्यावा. संध्याकाळी बाटली न आणता घरी गेलो आणि म्हणालो, 'सोडली. कायमची.' ती हसली. फार वेळ हसत राहिली. दुसऱ्या दिवशी तिचे हात कापत होते, म्हणाली थकवा. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयातून बोलावणं आलं. शिडीवर चढून पुस्तकं लावताना झटका आला आणि वरून पडली. खांद्याचं हाड मोडलं, जीभ दातांखाली सापडली. जुन्या बांधीव अंकांच्या मागे एक रिकामी बाटली निघाली. तिच्यावर रेघ नव्हती.

डॉक्टर तेच. वाक्यं तीच. एकदम बंद केली तर झटके येतात, दवाखान्यात राहू द्या, नाहीतर घरी थोडी थोडी कमी करा. दवाखान्याचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करते. चार दिवसांत सही करून घरी आली.

मला तुमच्याकडून एकच हवं आहे. दारू कमी असून जिभेला पुरेशी वाटेल असा ग्लास तुम्हाला येतो. तो मला शिकवा. तिला कळणार नाही असा.

आपला,
मुंगीचा नवरा


२७ जुलै

जावईबापू,

असा ग्लास मला येत नाही. तिला फसवता येणार नाही. ती जीभ मी तयार केली आहे, आणि फुशारकीने केली. थेंबे थेंबे तळे साचे हे शाळेत मलाच शिकवलं होतं, आणि मी तिला लिहिलं की थेंबाने कुणी बुडत नाही.

युक्त्या आता नकोत. डॉक्टर सांगतील तेवढं माप रोज तिच्यासमोर मोजा. उरलेली तिच्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये ओता. वास येऊ दे. घरभर येऊ दे. दोघांनी मिळून नाकाला पदर लावा, पण लपवू नका. आणि तुम्ही स्वतः बाटलीला हात लावताना कुणाला तरी शेजारी बसवा, हे मोठा भाऊ म्हणून सांगतो. माझा पाय बरा नाही, तरी पंधरा दिवसांत तिकीट काढून येतो.

हे पत्र तिला वाचून दाखवा.

दादा


२ सप्टेंबर

दादा,

तू येऊन गेलास त्याला दहा दिवस झाले. तू होतास तोवर सगळं तुझ्या डोळ्यांसमोर मोजून झालं, सिंकमध्ये ओतून झालं, घरभर वास सुटला. तू त्या वासात बसून जेवलास आणि रडलास, ते मी पाहिलं. खांदा अजून उचलत नाही, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. ह्या वेळी खरंच खांद्यामुळेच आहे.

तू गेल्यावर दोन दिवस हे तसंच करत होते. मग मला म्हणाले, 'तू पडून राहा, सात वाजता मी आणत जाईन.' आता ओट्याशी हे आणि दारातल्या खुर्चीत मी. बर्फ फोडतात, साल सोलतात, बोट कापून घेतात. जड बुडाचा ग्लास. ट्रेवर रुमाल.

तुझी पत्रं ह्यांच्याकडे आहेत, तेव्हा कृती कुठून मिळाली हे विचारायला नको.

काल पहिल्या घोटाला कळलं. कड ओली, वर चमचाभर सोडलेली, खाली चहा. चहात लवंग. डॉक्टरांनी ठरवलं त्याच्या निम्मीही नव्हती. लवकर बरी करायचीय ह्यांना मला. घोट घेऊन वर पाहिलं तर हे ट्रे हातात धरून माझ्याकडे बघत उभे होते, श्वास रोखून. इतके महिने मी असाच चेहरा करून उभी राहिले असेन का रे? मी 'बरंय' म्हटलं. ह्यांचा चेहरा उजळला. मी ग्लास रिकामा केला.

आज सकाळी हे फिरायला गेले नाहीत, झोपून होते. कपाट उघडून बघितलं. बाटली बरोबर तेवढी उतरली होती, जेवढी डॉक्टरांनी लिहून दिली आहे.

मग स्वयंपाकघरात गेले आणि एका हाताने ओट्याला धरून सिंकवर वाकले. बराच वेळ हुंगलं. वास येत नाही, दादा.

मुंगी